दोनशे टीबी, पंधरा वर्षं: टेप, डिस्क की क्लाउड?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रयोगशाळेकडे सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या प्रतिमांचा २०० टीबी डेटा आहे. फायली जवळपास १० कोटी, सरासरी फाइल २ एमबीची. दरवर्षी ४० टीबीची भर पडते. हे सगळं १५ वर्षं जपायचं आहे आणि वाचायची वेळ क्वचितच येईल. विचारणाऱ्यांनी दर टीबीमागची किंमत मांडून पाहिली. टेप ड्राइव्हचा, म्हणजे चुंबकीय फितीवर डेटा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या यंत्राचा, आकडा बघून छाती दडपली, क्लाउडचा महिन्याचा दर बघून जीव भांड्यात पडला, आणि कपाटात ठेवायच्या सुट्या हार्ड डिस्क सगळ्यात सोप्या वाटल्या. तर यातलं काय घ्यावं?

सुरुवातीलाच एक दुरुस्ती. तुमचा डेटा २०० टीबी नाही. दरवर्षी ४० टीबी वाढतोय म्हणजे १५ व्या वर्षाअखेरीस तो ८०० टीबी असेल. आर्काइव्हचा, म्हणजे दीर्घकाळ जपायच्या साठ्याचा, खर्च मोजायचा तर मी ‘टीबी-वर्ष’ हे माप धरतो: एक टीबी एक वर्ष सांभाळला की एक टीबी-वर्ष. २०० टीबी न वाढता १५ वर्षं राहिला असता तर ३,००० टीबी-वर्षं झाली असती. तुमच्या वाढीसकट ती ७,२०० होतात. विक्रेता २०० टीबीवर दरपत्रक देतो, आपण त्यावर सही करतो, आणि पाचव्या वर्षी दुप्पट डेटा उशाशी असतो. म्हणून दर टीबीमागची किंमत हा आकडा मी जवळजवळ बघतच नाही. प्रत्येक टीबी १५ वर्षांत कितीदा विकत घ्यावा लागणार, कितीदा हलवावा लागणार आणि एकदा परत आणायला काय पडणार, हे तीन आकडे काढा. निवड त्यातूनच होते.

क्लाउडपासून सुरुवात करू, कारण त्याचे दर जाहीर असतात आणि हिशेब कागदावर तपासता येतो. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेतल्या ग्लेशियर डीप आर्काइव्हचा (क्वचित वाचायच्या डेटासाठीची साठवणूक) अमेरिकेतल्या मुख्य प्रदेशांतला दर २०१९ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हापासून जीबीमागे महिन्याला ०.०००९९ डॉलर, म्हणजे टीबीमागे जेमतेम एक डॉलर. आज २०० टीबीला महिन्याला १९८ डॉलर. एवढ्यात कुणाचाही जीव भांड्यात पडेल. आता ७,२०० टीबी-वर्षांना गुणा: सुमारे ८५,५०० डॉलर. हे नुसतं ठेवण्याचं भाडं झालं.

आणायचा खर्च वेगळा. आजचा २०० टीबी एकदा पूर्ण परत मागवला असं धरू. सगळ्यात स्वस्त म्हणजे बल्क पद्धतीने मागवलं तर जीबीमागे ०.००२५ डॉलर, म्हणजे ५०० डॉलर. यात डेटा हाताशी यायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात, त्याला माझी हरकत नाही. खरी मेख त्यापुढे आहे. डेटा त्यांच्या जाळ्याबाहेर, तुमच्या यंत्रावर आणायचा तर पहिल्या १० टीबीला जीबीमागे ९ सेंट, पुढच्या ४० टीबीला ८.५, त्यापुढच्या १०० टीबीला ७ आणि उरलेल्याला ५ सेंट. बेरीज करा: ९०० अधिक ३,४०० अधिक ७,००० अधिक २,५००, म्हणजे १३,८०० डॉलर. एका फेऱ्याला जवळपास सहा वर्षांचं भाडं. २०२४ मध्ये गूगल, एडब्ल्यूएस आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांना हे बाहेर नेण्याचं शुल्क माफ करायचं जाहीर केलं. ते कायमचं सोडून जाणाऱ्यांसाठी, तेही अर्ज करून. मधेच सगळा डेटा नव्या पद्धतीने तपासायचा म्हणून मागवला तर बिल येणारच.

तुमच्या बाबतीत अजून एक खड्डा आहे तो म्हणजे १० कोटी फायली. डीप आर्काइव्हमध्ये फाइल चढवण्याचं शुल्क हजार विनंत्यांना ५ सेंट. फायली आहेत तशा एकेक करून चढवल्या तर नुसत्या चढवण्याचे ५,००० डॉलर, म्हणजे दोन वर्षांहून जास्त भाडं पहिल्याच आठवड्यात. शिवाय प्रत्येक फाइलमागे ४० केबीची नोंद धरली जाते आणि त्यातल्या ८ केबीला साध्या, महागड्या साठवणुकीचा दर लागतो. १० कोटींना गुणल्यावर महिन्याचं बिल दहा टक्क्यांनी फुगतं. उपाय जुनाच आहे: टार करून, म्हणजे अनेक फायली एका मोठ्या फायलीत जोडून, ५०-१०० जीबीचे गठ्ठे बांधा. १०० जीबीचा गठ्ठा धरला तर २०० टीबीचे २,००० गठ्ठे होतात आणि हे शुल्क किरकोळीत जातं. गठ्ठे प्रयोगानुसार बांधा, तारखेनुसार नको. पाच वर्षांनी कुणी ‘त्या मालिकेतल्या प्रतिमा’ मागेल, ‘मंगळवारच्या प्रतिमा’ कुणी मागत नाही.

मी क्लाउडच्या विरोधात नाही. ज्यांच्याकडे माणूस नाही त्यांना तोच बरा, कारण तिथे ड्राइव्ह बदलायची, तपासणीची, पिढी बदलायची कटकट दुसरा कुणी करतो आणि त्याचेच ते पैसे आहेत. माझा आक्षेप पैशाच्या चालीवर आहे. संशोधनाचं अनुदान एकरकमी येतं आणि तीन-पाच वर्षांत संपतं, भाडं मात्र दर महिन्याला दारात उभं राहतं. अनुदान संपलं, ज्यांच्या नावावर खातं होतं ते दुसरीकडे गेले, बिल थकलं, की पुढे काय होतं ते करारात लिहिलेलं असतं. टेप कपाटात विसरली तर ती निदान कपाटात तरी राहते.

आता सुट्या डिस्क. हा पर्याय सगळ्यांना आवडतो, कारण उद्या सकाळी सुरू करता येतो. २० टीबीच्या दहा डिस्क घेतल्या, डेटा भरला, खोक्यात घातल्या, झालं. पण हार्ड डिस्क हे फिरण्यासाठी बनवलेलं यंत्र आहे. बेअरिंग आहे, वंगण आहे, तबकडीवर तरंगणारं हेड आहे. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेली डिस्क पुन्हा सुरू होईलच असं कुणी लिहून देत नाही. चांगल्या डिस्कची हमी पाच वर्षांची असते आणि मी हिशेबातही पाचच धरतो. कधी सहाव्या-सातव्या वर्षीही ती कुरकुर न करता चालते. पण दोन्ही प्रती एकाच खेपेच्या डिस्कवर असतील तर त्या नशिबावर मी आर्काइव्ह टाकणार नाही.

मग हिशेब असा होतो. आजच्या २०० टीबीच्या डिस्क १५ वर्षांत तीनदा घ्यायच्या. दरवर्षी येणाऱ्या ४० टीबीपैकी सुरुवातीच्या खेपा तीनदा, मधल्या दोनदा, शेवटच्या एकदा. बेरीज सुमारे १,७०० टीबी, आणि दोन प्रती हव्यातच, म्हणून ३,४०० टीबी. टीबीला १८ डॉलर धरला तर ६१,००० डॉलर. हा १८ मी उदाहरणासाठी धरलाय, तुमच्याकडचा भाव घालून पुन्हा गुणा. आणि हो, यात भाव १५ वर्षं तसाच राहील असं धरलंय. भाव उतरला तर सगळ्यात जास्त फायदा डिस्कलाच होईल, कारण ती पुन्हा पुन्हा विकत घ्यायची असते.

पण त्या उतरणीवर विसंबू नका. डिस्कवरची घनता झपाट्याने वाढते या निरीक्षणाला २००५ च्या सुमारास ‘क्रायडरचा नियम’ असं नाव पडलं आणि पुढे कितीतरी आर्काइव्हांचे अंदाजपत्रक त्याच गृहीतकावर उभे राहिले: पुढच्या वेळी निम्म्या किमतीत मिळेल. २०११ च्या शेवटी थायलंडमधल्या पुराने डिस्कचे कारखाने पाण्यात गेले, भाव एकदम चढले आणि पूर्वपदाला यायला बराच काळ लागला. नंतरची घसरणसुद्धा पूर्वीच्या वेगाने कधी झाली नाही. माझ्या तक्त्यात मी भाव स्थिर धरतो. उतरला तर आनंद आहे.

डिस्कच्या माहितीपत्रकात एक ओळ असते जी विक्रेता कधी वाचून दाखवत नाही: न सुधारता येणाऱ्या वाचनचुकीचं प्रमाण. सर्व्हरच्या डिस्कसाठी ते १० च्या १५ व्या घाताइतक्या बिटांमागे एक असं लिहिलेलं असतं. तेवढे बिट म्हणजे १२५ टीबी. म्हणजे कागदावर बघितलं तर तुमचा २०० टीबी एकदा सलग वाचताना एखाद-दुसरा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा, हात वर करू शकतो. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात, पण दोन प्रती का, याचं उत्तर या ओळीत आहे. एलटीओ-९ टेपसाठी (एलटीओ हा टेपचा प्रचलित प्रकार, ९ ही त्याची पिढी) हाच घात २० आहे, म्हणजे एक लाख पट चांगला.

एसएसडीबद्दल, म्हणजे फिरणारे भाग नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या साठवणुकीबद्दल, थोडक्यात. तिच्यात डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज तोडली की तो हळूहळू गळतो. जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात आयुष्य संपत आलेल्या सर्व्हरच्या एसएसडीने ४० अंश सेल्सिअसला वीजेविना फक्त तीन महिने डेटा धरून ठेवावा एवढीच अपेक्षा आहे. कपाटात ठेवायची वस्तू ही नव्हे.

ब्लू-रेचाही मोह होतो, विशेषतः ‘शेकडो वर्षं टिकते’ अशी जाहिरात वाचली की. १०० जीबीच्या चकत्या घेतल्या तर एका प्रतीला २,००० चकत्या. ४एक्स वेगाने, म्हणजे सेकंदाला १८ एमबीने, एक चकती लिहायला दीड तास. २,००० चकत्यांना ३,००० तास, म्हणजे एक बर्नर अहोरात्र चालवून चार महिने, आणि दर दीड तासाने चकती बदलायला कुणीतरी जागं. शिवाय लिहिता येणाऱ्या ब्लू-रे चकत्यांचं उत्पादन पॅनासॉनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने २०२५ मध्ये थांबवलं. घरच्या फोटोंना ठीक आहे.

राहिली टेप. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या आकाराला तीच बसते असं माझं मत आहे आणि तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

एलटीओ-९ ची पिढी २०२१ मध्ये आली. एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे टेपच्या एका डबीत, १८ टीबी. डब्यावर ४५ टीबी असा मोठा आकडा छापलेला असतो, तो विसरून जा. तो डेटा अडीच पट दाबला (कॉम्प्रेस केला) जाईल असं धरून काढलेला आहे. प्रतिमा आधीच दाबलेल्या असतील तर एक बाइटही वाचत नाही. २०० टीबीला एका प्रतीसाठी १२ कार्ट्रिज लागतात. पूर्ण उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला ४०० एमबी लिहितो, अर्ध्या उंचीचा ३००. म्हणजे एक टेप भरायला साडेबारा तास किंवा पावणेसतरा तास. पूर्ण उंचीच्या ड्राइव्हवर १२ टेपना सव्वासहा दिवस, दोन प्रतींना साडेबारा, आणि लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून पाहायचं तर पंचवीस दिवस. नवी एलटीओ-९ टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची मापं घेतो आणि त्यात दोन तासांपर्यंत जाऊ शकतात. हे ठाऊक नसलं की माणूस ‘ड्राइव्ह अडकला’ म्हणून मधेच बंद करतो. नव्या टेपा खोलीच्या तापमानाला एक दिवस ठेवून मगच वापरा.

आता पैसे. समजा टेपचा भाव टीबीला ६ डॉलर आणि ड्राइव्ह, तो सर्व्हरला जोडणारं एसएएस कार्ड, केबल, सफाईची कार्ट्रिज मिळून ५,५००. डिस्क टीबीला १८. टेप दर टीबीमागे १२ डॉलर वाचवते, म्हणजे ४५० टीबीच्या आसपास लिहून झालं की ड्राइव्हची किंमत निघाली. हे डेटाचं नव्हे, लिहिलेल्या प्रतींचं माप आहे. दोन प्रती असतील तर २२५-२३० टीबी डेटालाच ड्राइव्ह फिटतो. तुम्ही ती रेषा पहिल्याच वर्षी ओलांडता. ज्यांच्याकडे ३० टीबी आहे आणि तो फारसा वाढत नाही, त्यांनी टेपच्या नादी लागू नये. दोन ठिकाणी दोन डिस्क आणि वर एक क्लाउड प्रत यात त्यांचं स्वस्तात भागतं.

१५ वर्षांचा हिशेब करताना मी टेपची पिढी एकदा बदलावी लागेल असं धरतो, साधारण आठव्या वर्षी. तोवर तुमचा डेटा ५२० टीबी झालेला असेल, दोन प्रतींचे १,०४० टीबी लिहून झालेले असतील. ते सगळं नव्या पिढीवर पुन्हा लिहायचं, म्हणजे आणखी १,०४०. नंतरच्या सात वर्षांत २८० टीबी डेटाच्या दोन प्रती, ५६०. एकूण २,६४० टीबी, ६ डॉलरने १५,८४०. दोन पिढ्यांचे दोन ड्राइव्ह ११,०००. मिळून २७,००० च्या घरात. डिस्कचे ६१,०००, क्लाउडचे ८५,५००, टेपचे २७,०००. मनुष्यबळ तिन्हींत धरलेलं नाही, आणि ते टेपलाच सगळ्यात जास्त लागतं हे आधीच सांगून ठेवतो.

‘टेप ३० वर्षं टिकते, मग आठव्या वर्षी पिढी कशाला बदलायची?’ हा प्रश्न येतोच. टेप टिकते. वाचणारा ड्राइव्ह टिकत नाही. एलटीओमध्ये सातव्या पिढीपर्यंत नियम होता की ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचतो. एलटीओ-८ पासून ती सवलत एका पिढीवर आली. २०२५ मध्ये ३० टीबीची एलटीओ-१० आली ती मागची एकही पिढी वाचत नाही. म्हणजे आज एलटीओ-९ वर लिहिलेली टेप वाचायला एलटीओ-९ चाच ड्राइव्ह लागणार, आणि तो नवा मिळायचा बंद व्हायच्या आत डेटा पुढे नेलेला बरा. नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ मध्ये पाठवलेल्या चंद्राच्या चित्रांच्या मूळ टेपा चाळीस वर्षं सुखरूप होत्या. २००८ मध्ये ती चित्रं पुन्हा काढायचं ठरलं तेव्हा बरीचशी मेहनत अँपेक्सचे जुने एफआर-९०० ड्राइव्ह दुरुस्त करून चालते करण्यातच गेली.

असाच प्रसंग लहान प्रमाणात माझ्यावर आला. एका जुन्या प्रकल्पाच्या पन्नासएक एलटीओ-४ टेपा कपाटात होत्या, ओळीने लावलेल्या, लेबलं सुबक. आमचा ड्राइव्ह एलटीओ-७ चा. तो पाच आणि सहा वाचतो, चार नाही. वापरलेला एलटीओ-६ ड्राइव्ह शोधला, मिळाला, स्वस्तातही मिळाला. टेप घातली, सुरळीत फिरली, आणि मग कळलं की आतला डेटा एका बॅकअप सॉफ्टवेअरच्या खासगी साच्यात आहे, त्याचा परवाना केव्हाच संपलाय आणि कोणत्या टेपवर काय आहे याची सूची ज्या सर्व्हरवर होती तो भंगारात गेलाय. एकेक टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून सूची पुन्हा बांधावी लागली. तीन आठवडे. टेपांपैकी एकही खराब निघाली नाही. खर्च सगळा परवान्यावर आणि माणसांच्या वेळेवर झाला.

तेव्हापासून मी टेपवर फक्त टार किंवा एलटीएफएस लिहितो. एलटीएफएस ही टेपवर फायली मांडायची खुली पद्धत २०१० मध्ये एलटीओ-५ बरोबर आली. टेप फोल्डरसारखी दिसते आणि वाचायला कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही. पण त्यावर २ एमबीच्या ९० लाख सुट्या फायली ओतू नका. अनुक्रमणिका फुगते, टेप माउंट व्हायलाच युगं लागतात. एलटीएफएसच्या आत टारचे गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्याशेजारी आतल्या फायलींची यादी आणि त्यांचे एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदलली तर लगेच दाखवून देणारा आकडा). त्या सगळ्या याद्या एकत्र केल्या तरी मूळ डेटाच्या मानाने नगण्य भरतात. त्या तीन ठिकाणी ठेवा, एक क्लाउडमध्येही. तिथे क्लाउडचे पैसे मी आनंदाने देतो.

अजून एक चूक जवळून दाखवतो, कारण ती जवळजवळ सगळेच करतात. टेप ड्राइव्हला डेटा सतत आणि वेगाने लागतो. वेग कमी पडला तर तो काही टप्प्यांपर्यंत स्वतःला मंद करतो, पण त्याखाली गेलं की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावत येते. आमच्याकडे पहिल्यांदा नेटवर्कवरच्या साठ्यातून थेट टेपवर लिहायला लावलं होतं, एक गिगाबिटच्या तारेवरून. म्हणजे सेकंदाला फार तर ११० एमबी, आणि लहान फायलींमुळे त्याच्याही निम्मं. खोलीत गेलं की आवाजावरून कळायचं: घर्रर्र, टक्, मागे, पुन्हा घर्रर्र. दिवसभर चालू, आणि संध्याकाळी टेपचा चौथा हिस्साही भरलेला नाही. यात ड्राइव्हचं हेड आणि टेप दोन्ही झिजतात. उपाय असा की सर्व्हरमध्ये दोन-चार टीबीची वेगवान एनव्हीएमई एसएसडी टाकायची, गठ्ठे आधी तिच्यावर बांधायचे आणि तिथून टेपवर सोडायचे. त्यानंतर ड्राइव्हचा आवाज एकसुरी झाला. त्या एसएसडीची किंमत ड्राइव्हच्या किमतीतच धरा. तिच्याविना ड्राइव्हचे निम्मे पैसे वाया जातात.

मनुष्यबळाचं आता सांगतो. दिवसातून दोनदा टेप बदलायला पाच-पाच मिनिटं लागतात, पण ती बदलणारा माणूस तिथे असावा लागतो. दरवर्षी पाच टक्के टेपा काढून पूर्ण वाचायच्या आणि चेकसम ताडायचे. आठव्या वर्षी पिढी बदलताना ५२० टीबीच्या २९ टेपा वाचायच्या आणि नव्या पिढीवर दोन-दोन प्रती करायच्या. जुना आणि नवा ड्राइव्ह एकेक असेल तर जुन्या ड्राइव्हच्या वेगाने महिनाभर, वर पडताळणी. हे काम कुणाच्या नोकरीच्या वर्णनात लिहिलेलं नसेल तर ते होत नाही. माणूस नसेल तर टेप आणि क्लाउडमधले ते ५८,००० डॉलर खुशाल क्लाउडला द्या, मी हसणार नाही. पण तुमच्या संस्थेच्या संगणक केंद्राकडे टेप लायब्ररी आहे का ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी असते आणि फक्त कार्ट्रिजचे पैसे घेऊन ते जागा देतात. तसं झालं तर वरचा सगळा तक्ता फाडून टाका.

दुसरी प्रत कुठे, हा मुद्दा लोक खर्च वाचवायला सगळ्यात आधी कापतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टीबीचा साठा गेला. आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. ८५८ टीबी म्हणजे एलटीओ-९ च्या ४८ टेपा. दोन खोक्यांत मावतील. याउलट २०११ च्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअरमधल्या चुकीने जीमेलच्या काही खात्यांतल्या मेल गेल्या, डेटाकेंद्रांमधल्या सगळ्या प्रतींतून गेल्या, आणि गूगलने त्या टेपवरून परत आणल्या. जोडलेल्या प्रती एकत्र बिघडतात. कपाटातल्या टेपला कुणाची आज्ञा पोचत नाही, चुकीचीही नाही.

दोन्ही प्रती एकाच ड्राइव्हवर लिहिणार असाल तर वर्षातून एकदा तरी एखादी टेप दुसऱ्याच ड्राइव्हवर वाचून बघा, उसना मिळाला तरी चालेल. टेपा १६ ते २५ अंशांत आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायच्या असतात; वातानुकूलन रात्री बंद होणारी खोली नको. एन्क्रिप्शन लावलंत तर किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवा. किल्ली हरवली की १२ टेपा १२ विटा होतात.

तुमच्यासाठी माझा आराखडा असा. एलटीओ-९ चा एक पूर्ण उंचीचा ड्राइव्ह, वर सांगितलेली एसएसडी, पहिल्या वर्षाला ३० कार्ट्रिज. एक प्रत तुमच्याकडे, दुसरी वेगळ्या इमारतीत, जमलं तर वेगळ्या शहरात. याद्या आणि चेकसम क्लाउडवर. चालू वर्षाचा डेटा डिस्कवरच राहू द्या आणि वर्षातून दोनदा तो टेपवर उतरवा. रोज थोडं थोडं उतरवत बसू नका. एलटीओ-१० चा मोह तूर्त टाळा. टेप मोठी आहे खरी, पण ड्राइव्ह आणि कार्ट्रिज दोन्ही महाग, आणि तुम्हाला आजच्या २०० टीबीच्या एका प्रतीला १२ ऐवजी ७ टेपा लागल्या याने काही बिघडत नाही की सुधारत नाही.

खरेदीची ऑर्डर देण्यापूर्वी एक चाचणी मात्र करा. दोन-तीन वेगवेगळ्या प्रयोगांचा मिळून एक टीबी घ्या, झेडएसटीडी या फायली दाबणाऱ्या प्रोग्रामने दाबून बघा आणि किती उरतो ते मोजा. सूक्ष्मदर्शकाच्या कच्च्या प्रतिमा काही वेळा मूळ रूपात, न दाबता पडलेल्या असतात. त्या २०० चे १४० झाले तर ड्राइव्हची किंमत सोडून वरचा जवळजवळ प्रत्येक आकडा, टेपचा, डिस्कचा, क्लाउडचा आणि रात्री टेप बदलणाऱ्या माणसाचाही, तीसएक टक्क्यांनी खाली येतो. आणि तो एक टीबी मोजताना फसलेल्या प्रयोगांच्या, फोकस हुकलेल्या किती प्रतिमा सापडतात तेही लिहून ठेवा. हे दोन आकडे कळवलेत तर तक्ता मी पुन्हा मांडून देतो.